कोल्ह्याची जात आणि कोल्ह्याची कृती

अंबाजोगाई (जि. बीड) येथील एका लेण्यास लोक 'हत्तीखाना' म्हणतात. प्रांगणातील दगडी हत्तींनी लेण्यास आपले नाव दिले. फ्रान्समध्ये एका कथेने प्राण्यास नाव दिले. जुन्या फ्रेंच भाषेत कोल्ह्यास 'गुपी' म्हणत. 'रनार' हे कथेतील एका कोल्ह्याचे विशेषनाम होते. ही कथा इतकी लोकप्रिय झाली, की 'गुपी' मागे पडला आणि 'रनार' हेच साऱ्या जातीचे नाव झाले. (युरोपातील हा कोल्हा खरे तर आपल्या खोकडाचा भाऊबंद; कथेतले काम मात्र आपल्या कोल्ह्याचेच.) एकाचा स्वभाव सर्वांच्या माथी बसला. प्राणिकथेतील प्रतीकांचा विचार आम्हांस येथूनच करावासा वाटतो.

सुमारे ११७० ते १२५० या काळात अनेक कवींनी रचलेल्या 'रोमां द रनार' या पद्यकथांत सिंह राजा आहे, लांडगा बलाढ्य परंतु मूर्ख सरदार आहे आणि कोल्हा धूर्त सरदार आहे. एक कोंबडी मारल्या गेलेल्या बहिणीचे प्रेत दरबारात आणून न्याय मागते. कोल्ह्यास फाशी ठरते. तो तीर्थयात्रेस जाण्याचे वचन देऊन यात्रेकरूचा वेष घेतो, सुटतो आणि तो वेष फेकून देतो. सरंजामी न्यायाचा व धर्माच्या सोंगाचा हा उपहास जळजळीत आहे. तथापि त्यातून कोणीही बदलत नाही. सिंह सिंहच राहतो, कोंबडी न्यायावाचून राहते आणि कोल्हा पुढच्या कथेसाठी मोकळा होतो.

आपल्या पंचतंत्रातील निळा कोल्हा याहून कठोर धडा देतो. निळीत पडून रंग बदललेला कोल्हा राजा होतो. परंतु जातभाईंची कोल्हेकुई ऐकून स्वतःही ओरडतो आणि मारला जातो. जन्म लपत नाही, असे ही कथा सांगते. ज्या समाजास शतकानुशतके हेच ऐकविले गेले, त्याने ही कथा निव्वळ करमणूक म्हणून वाचावी, हे आम्हांस मान्य नाही.

पाली सिगाल-जातकात बोधिसत्त्व स्वतःच कोल्हा आहे. लोभाने तो मेलेल्या हत्तीच्या शरीरात शिरतो, कातडे वाळून वाट बंद होताच अडकतो, कष्टाने बाहेर पडतो आणि लोभ सोडण्याचा निश्चय करतो. रनार सुटतो व तसाच राहतो. हा कोल्हा सुटतो व शिकतो. छद्दन्त-जातकात, ज्याची चित्रे अजिंठ्याच्या १० व १७ क्रमांकांच्या लेण्यांत आहेत, शिकारी काषाय वस्त्र पांघरून येतो. येथेही धर्मवेषाचे सोंग आहे. परंतु विषारी बाणाने घायाळ झालेला गजराज ते वस्त्र पाहून सोंड आवरतो. फ्रेंच कवी सोंग करणाऱ्याची हुशारी रंगवितो. जातककार फसविल्या गेलेल्याचा संयम दाखवितो.

मात्र जातकांतही कपटी कोल्हे पुष्कळ आहेत, हे सांगितलेच पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे 'सिद्धार्थ जातक' वाचणाऱ्यास ते जागोजाग भेटतील. म्हणून सर्व जातके निर्दोष, असा आमचा दावा नाही. तेथे कोल्ह्यासही बोधिसत्त्व होण्याची वाट मोकळी आहे, एवढेच आम्ही म्हणतो; आणि हे 'एवढेच' फार मोठे आहे. मुलांना प्राणिकथा सांगताना 'कोल्हा लबाड असतो' असे म्हणून थांबू नये. या कोल्ह्याने काय केले आणि त्यानंतर तो काय शिकला, हे त्यांना विचारावे.