वाड्यात जागा कोणाची?

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ची (१९८५) चर्चा बहुधा सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासापाशी येऊन थांबते. मला मात्र ते घराच्या मांडणीचे नाटक वाटते. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा तात्याजींच्या मृत्यूनंतरही त्यांच्याच प्रतिष्ठेच्या मापाने उभा आहे. गंजलेल्या ट्रॅक्टरला अंगणात कायमची जागा आहे. शिक्षण तोडल्या गेलेल्या प्रभाला मात्र हक्काचा कोपरा नाही. चंदू तर राबून राबून घरातला गडीच झाला आहे. तरीही त्रयोदशीच्या गावजेवणाची विवंचना त्यांच्याहून मोठी! मुंबईहून आलेल्या सुधीरचा वाड्याविषयीचा जिव्हाळा बराचसा दुरून वाटणारा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्याला तो विशेष झोंबावा. नाटककार त्याला जरा सौम्यपणे वागवतो, असे माझे मत आहे.

इच्छापोरचे आमचे घर नव्याने रचताना मीही वडिलांची बैठक होती तेवढीच राखली होती. सुनेच्या वाट्याला आली ती बिनखिडकीची खोली. नाटक पुन्हा वाचल्यावर बैठकीच्या मधोमध भिंत घातली. रस्त्याकडची खिडकी आता तिच्या टेबलापाशी आहे.