रेघ खरी, वाचन चुकीचं : समुद्रतळातल्या बोअरच्या नोंदी कशा तपासाव्यात

मागच्या व्याख्यानात आपण समुद्रतळातून गाभा, म्हणजे कोअर, कसा काढतात ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : दगडच हातात आला, तर बोअरमध्ये पुन्हा उपकरणं कशाला सोडायची? कारण गाभा सगळा वर येत नाही. मऊ वाळू निसटते, भेगाळलेल्या दगडाचा चुरा होतो, आणि आपल्याला हवा असलेला थर नेमका तोच असतो. म्हणून केबलला उपकरणं बांधून खाली सोडतात आणि वर ओढता ओढता मोजमापं घेतात. खोलीनुसार काढलेली त्यांची रेघ म्हणजे लॉग. असा पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समध्ये पेशेलब्रॉन इथे घेतला गेला.

आज आम्हाला या रेघेवर टीका करायची आहे. सुरुवात स्वतःपासून करतो.

काही वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या बोअरचा लॉग आम्ही वाचला होता. एका खोलीवर विद्युतरोध एकदम खाली आला होता. काळ्या पाषाणात रोध जास्त आणि ओल्या भेगांत कमी, हे आम्हाला पाठ होतं. तेव्हा म्हटलं, पाणी इथेच आहे, मोटर इथे सोडा. पाणी काही लागलं नाही. तो थर पाण्याचा नव्हताच, दोन लाव्हा प्रवाहांच्या मधला तांबड्या मातीचा होता. चिकणमातीतूनही वीज सहज जाते. शिवाय हा थर ढासळतो. बोअरचा व्यास मोजणारं कॅलिपर सोडलं असतं, तर तिथे बोअर रुंद झाल्याचं दिसलं असतं आणि आम्हाला शंका आली असती. खर्च वाचवायचा म्हणून ते सोडलं नव्हतं. पैसे त्या माणसाचे गेले, आमचे नाही. हे आम्ही विसरलेलो नाही.

आता खोल समुद्राकडे चला. २०१५ च्या वसंतात 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे जहाज आपल्याच अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात होतं. मोहीम क्रमांक ३५५. तिच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेतले धनंजय पांडे. पाणीच साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल, त्याखाली हजार मीटरहून जास्त खोदकाम. आता विचार करा, इतक्या लांब केबलवर खोली मोजायची कशी? केबल ताणली जाते. जहाज लाटांवर वरखाली होतं. ती हालचाल रद्द करणारी यंत्रणा असते, पण थोडी चूक उरतेच.

म्हणून जहाजावरच्या नोंदी पुढे न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेसारख्या ठिकाणी प्रक्रियेला जात. पहिलं काम खोली जुळवणं. मोजमाप जहाजाच्या डेकपासूनचं असतं, आपल्याला हवं असतं समुद्रतळापासूनचं. पाण्यातून गाळात शिरताना गॅमा किरणांची नोंद उडी मारते, तिथे शून्य धरतात. यात एक गोम आहे बघा. वरचा मऊ गाळ कोसळू नये म्हणून तिथे ड्रिलचा पाइप तसाच ठेवतात आणि गॅमा पाइपच्या पोलादातून मोजावे लागतात. नोंद दबलेली येते. म्हणजे सगळ्या खोलीचा पाया ज्या उडीवर, तीच अंधुक.

दुसरं काम, वेगवेगळ्या फेऱ्यांतल्या रेघा गॅमाच्या आधारे एकमेकींशी जुळवणं. तिसरं, बोअरची अवस्था पाहणं. घनता मोजणारं उपकरण भिंतीला टेकलेलं असावं लागतं. बोअर ढासळून रुंद झाली की ते दगडाऐवजी समुद्राचं पाणीच मोजतं. घनता खोटी कमी, सच्छिद्रता खोटी जास्त. अशा ठिकाणी कॅलिपर न पाहता आकडा घेणं म्हणजे गंगापूरची आमचीच चूक, फक्त जास्त खर्चात केलेली.

पण एवढी तपासणी पार पडली म्हणजे झालं का? नाही. आज आमचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२००६ साली हेच जहाज राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेवर भारताच्या किनाऱ्यांभोवती होतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, दहा क्रमांकाच्या जागी, सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटचा थर सापडला. हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या स्फटिकात अडकलेला मिथेन. त्यातून वीज जात नाही, म्हणून रोध वाढतो. हायड्रेट किती ते काढायला १९४२ चं आर्चीचं सूत्र लावलं. आकडे भरमसाट आले. पण दाबाखालीच वर आणलेल्या गाभ्यांनी वेगळंच सांगितलं : रिकाम्या जागेच्या साधारण पाव हिश्श्याच्या आसपास.

इथे रेघ चुकली नव्हती. चुकलं होतं गृहीतक. आर्चीचं सूत्र स्वच्छ वाळूसाठी, सगळीकडे सारखं पसरलेलं भरण धरून केलेलं. इथे चिकणमाती होती आणि हायड्रेट जवळपास उभ्या भेगांमध्ये भरलेलं. विजेच्या आडव्या वाटेत ते भिंतीसारखं उभं राहतं आणि थोडं असूनही खूप वाटतं. बोअरच्या भिंतीच्या विद्युत प्रतिमांमध्ये भेगा दिसत होत्या. पुढे संशोधकांनी दिशेनुसार बदलणारा रोध धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा आकडे गाभ्याच्या जवळ आले. ही दुरुस्ती जाहीरपणे झाली, हे कौतुकाचं. पण दाबातले गाभे काढलेच नसते तर? देशाच्या इंधनाचे अंदाज त्या फुगलेल्या आकड्यावर उभे राहिले असते.

म्हणून आम्ही म्हणतो, तपासण्या दोन आहेत. मोजमाप नीट झालं का, ही एक. सूत्राची अट इथे पाळली जाते का, ही दुसरी. पहिलीची शिस्त समुद्रमोहिमांनी उत्तम लावली. मूळ नोंदी जपल्या, प्रक्रियेची टिपणं लिहिली, दोन्ही सर्वांना खुली केली. तक्रार एवढीच की टिपण एका कागदात आणि आकडे दुसऱ्या फाइलमध्ये. विद्यार्थी आकडे उतरवून घेतो, टिपण तिथेच राहतं. 'या पट्ट्यात बोअर रुंद आहे, घनतेवर विसंबू नका' हे वाक्य त्या आकड्याला चिकटून यायला हवं. दुसरी तपासणी तर बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असते.

आणि आपल्याकडे? मराठवाड्यात एवढ्या बोअर होतात. बऱ्याच ठिकाणी गाडीवाल्याच्या वहीत 'मुरूम, काळा पाषाण, ओल' एवढंच असतं. जिथे लॉग होतो, तिथे छापलेली रेघ मिळते. कॅलिपर होतं का, पाणी किती खारं होतं, कुठला भाग संशयास्पद, हे क्वचितच. त्यासाठी जहाज लागत नाही. एक ओळ जास्त लिहावी लागते.

आम्ही ती ओळ त्या दिवशी लिहिली असती, तर कदाचित मोटर सोडण्याआधी थांबलो असतो. आता विद्यार्थ्यांना आम्ही एवढंच बजावतो : रेघेखाली आधी शंका लिहा, मग निष्कर्ष.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या. पहिला प्रश्न कुणा बोअरवाल्याचा आला, तर आम्हाला जास्त आवडेल.