चाल उरली, नांव हरपलें

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर एक लहानशी ओळ छापलेली आढळते : ‘चाल’, आणि तिच्यापुढें दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभींचे दोनतीन शब्द. वाचक ती ओलांडून पदाकडे वळतो. परंतु आपल्या संगीतपरंपरेंतील एक मोठी उणीव या ओळींतच दडलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ व १८८२ सालीं ‘सौभद्र’ हीं नाटकें रंगभूमीवर आणलीं. त्यांनीं साकी, दिंडी, लावणी, हिंदुस्थानी चिजा आणि कानडी पदें अशा नानाविध ठिकाणांहून चाली वेंचल्या. तत्कालीन प्रेक्षकास मूळ गाणें ठाऊक असे. त्याचे दोन शब्द दिले कीं काम भागे. पुढें नाटकांतील पद घरोघरीं गेलें आणि मूळ गाणें मागें पडलें. आतां पुस्तकांत जें नांव आहे त्याचे स्वर कोणास येत नाहींत. आणि आजीच्या तोंडीं जे स्वर आहेत त्यांचें नांव कोणास सांगतां येत नाहीं. या दोहोंची गांठ घालून देणारीं माणसें दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रससारख्या गांवीं हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीनें वऱ्हाडाला भजनाची गोडी लावली. शेजारच्या बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी घुमतात. आणि नाट्यपदें गुणगुणणारीं घरेंही आहेत. अशा ठिकाणीं एखादी ओळखीची चाल कोणाची म्हणून विचारावें, तर एक जण ती भजनाची म्हणेल, दुसरा नाटकांतली, तिसरा तांड्यावरची. तिघेही खरें बोलत असण्याचा संभव आहे. कारण चाल ही एका घरीं राहणारी नव्हे. म्हणून ‘ही कोणाची?’ यापेक्षां ‘ही कोठून कोठें गेली?’ हाच प्रश्न अधिक सयुक्तिक होय.

आपल्याकडे चालीस स्वतःचें नांव नसतें, हें या अडचणीचें मूळ. इंग्रजी उपासनागीतांच्या संग्रहांत शब्दांहून निराळें असें चालीचें नांव देण्याची रीत आहे. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल १५५१ च्या जिनीव्हा येथील संग्रहांतून आलेली. शब्द अनेकदां बदलले, चालीची ओळख पुसली नाहीं. आपण फार तर राग सांगतों. पण राग हें कुळाचें नांव झालें. ‘भीमपलास’ म्हटल्यानें शेंकडों चिजांपैकीं नेमकी कोणती, हें कसें कळावें?

पाश्चात्यांनीं यावर उपायही शोधले. बार्लो व मॉर्गनस्टर्न यांनीं १९४८ सालीं स्वरांच्या आद्याक्षरांवरून चाल हुडकण्याचा कोश काढला. १९७५ सालीं डेनिस पार्सन्स यांनीं स्वर वर गेला, खालीं आला कीं तसाच राहिला, एवढ्यावरूनच सूचि रचली. मात्र आपल्या गायनांत मींड दोन स्वरांमधील वाट पुसून टाकते. तेथें असली मोजणी अपुरी पडते. आतां गुणगुणणें ऐकून गाणें शोधणारें यंत्र खिशांतही आलें आहे. पण ज्याची नोंदच कोठें झाली नाहीं, तें यंत्र तरी काय ओळखणार ?

कोणी म्हणेल, चाल गोड लागली म्हणजे झालें. नांवाची उठाठेव कशाला? आस्वादापुरतें हें खरें आहे. परंतु ज्याला नांव नाहीं तें पुढच्या पिढीला मागतांही येत नाहीं. भातखंड्यांनीं (१८६०–१९३६) क्रमिक पुस्तकमालिकेंत घराण्यांच्या चिजा स्वरलिपीनें बांधून ठेवल्या; ओव्या, भजनें आणि नाटकांच्या मूळ चाली यांना तें भाग्य त्या मानानें लाभलें नाहीं.

यास्तव जुन्या नाटकांच्या नव्या आवृत्ति काढणाऱ्यांनीं ‘चाल’ या शब्दापुढें निदान एका ओळीची स्वरलिपि द्यावी, असें आम्ही सुचवितों. आणि घरांतील वडील मंडळी गुणगुणूं लागलीं, तर तें ध्वनिमुद्रित करून कोणाकडून, कोणत्या गांवीं व कोणत्या प्रसंगीं ऐकलें, एवढें विचारून लिहून ठेवावें. नांव पुढें केव्हांही सांपडेल. गाणारा कंठ मात्र थांबत नाहीं.