पोलीसकार्य आणि नवी साधने : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१

पोलीसकार्यात नवे साधन आले की त्यासंबंधीची चर्चा बहुधा दोन ठराविक वाटांनी जाते. एका पक्षाच्या मते यंत्र निःपक्षपाती असल्याने त्याच्या योगे तपास शुद्ध होतो. दुसऱ्या पक्षाच्या मते यंत्र म्हणजे केवळ पाळत, आणि म्हणून ते त्याज्य होय. या दोन्ही भूमिकांत एक समान दोष आहे. साधन ज्या भूमीवर, ज्या वस्तीत आणि ज्या पूर्वग्रहांच्या सान्निध्यात वापरले जाते त्यांचा विचार दोन्ही पक्ष वगळतात. प्रस्तुत विवेचनात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून हा प्रश्न तपासावयाचा आहे.

या परिसराची रचना पोलीसकार्याच्या दृष्टीने विशेष आहे. नीरेच्या कालव्याने बागायत वाढली, तशी गावठाणातील कुटुंबे आपापल्या शेतावर राहावयास गेली आणि गाव वाड्यावस्त्यांत विखुरला. उत्तरेस उजनीचा जलाशय, मधून पुणे-सोलापूर हमरस्ता, वालचंदनगरसारखे जुने कारखानी गाव, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि गळीत हंगामात कोप्या टाकून राहणाऱ्या ऊसतोड टोळ्या, असे हे चित्र आहे. स्थिर लोक विखुरलेले आणि अस्थिर लोक सदैव ये-जा करणारे. अशा मुलखात पोलिसांपुढील पहिला प्रश्न अंतराचा, व दुसरा ओळखीचा. नवी साधने पहिला प्रश्न बऱ्याच अंशी सोडवतात. दुसरा मात्र ती सोडवतात की अधिक बिकट करतात, हाच खरा वादविषय आहे.

२

जुन्या व्यवस्थेत ही दोन्ही कामे माणूस करीत असे. जागल्या व रामोशी माग काढीत, पाटील वर्दी देई. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने ही रचना नियमबद्ध केली. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलपद गेले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने शासननियुक्त पोलीस पाटील आला. या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट कायम राहिली : गावाविषयीचे ज्ञान एका ओळखीच्या माणसाच्या स्मरणात साठलेले असे. त्या स्मरणात पक्षपात असे, भाऊबंदकी असे. परंतु ते कोणाचे आहे हे सर्वांस ठाऊक असल्याने त्यास जाब विचारता येई.

या ज्ञानाची दुसरी बाजू तितकीच ध्यानात घेतली पाहिजे. १८७१ साली सुरू झालेल्या आणि १९११ साली विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींचे सर्वच्या सर्व लोक संशयित ठरविले. नावनिशी, हजेरी, बोटांचे ठसे आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणातील वसाहती ही त्या काळाची अद्ययावत साधने होती. १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झालेला बोटांच्या ठशांचा विभाग आजही शास्त्रीय तपासाचा आरंभबिंदू म्हणून गौरविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तेच शास्त्र जन्मावरून गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याच्या हाती गेले, तेव्हा ठसा अचूक राहूनही न्याय चुकला. ज्या रामोशांकडे एके काळी गावाची राखण होती, त्यांचीही गणना पुढे विमुक्त जातींत व्हावी, यातील विसंगती बोलकी आहे.

हा कायदा १९५२ साली रद्द झाला. संशयाची सवय मात्र रद्द झाली नाही. १९९८ च्या जून महिन्यात बारामतीत एका पारधी इसमाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. दिलीप डिसोझा यांनी विमुक्तांवरील आपल्या २००१ सालच्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा परामर्श घेतला आहे. या परिसरातील कोणत्याही नव्या साधनाची परीक्षा या घटनेच्या साक्षीने झाली पाहिजे.

३

प्रथम अंतर मिटविणाऱ्या साधनांचा विचार करू. पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत प्रचारात आलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. संकटात सापडलेल्या गावकऱ्याने एका ठराविक निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून आपला निरोप बोलावा, आणि तोच निरोप त्याच्याच आवाजात गावातील नोंदविलेल्या सर्व दूरध्वनींवर एकाच वेळी ऐकू यावा, अशी ही योजना आहे. तीस महागडे उपकरण लागत नाही. साधा बटणांचा फोनही चालतो. शेतावरच्या एकाकी वस्तीवर दरोडा पडला असता ठाण्याची गाडी येईपर्यंत शेजारच्या चार वस्त्या जाग्या होतात. हाकेचे अंतर वाढविणारे हे साधन जुन्या दवंडीचे व जागल्याच्या आरोळीचे थेट वंशज आहे. त्याचा आणखी एक गुण असा की हाक देणारा अनामिक राहत नाही. आवाज त्याचा, म्हणून जबाबदारीही त्याची.

हा गुण किती मोलाचा आहे हे त्याच्या अभावी दिसून येते. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या व चोर त्यांच्या साहाय्याने घरे हेरीत असल्याच्या वार्ता पसरल्या; बारामती व इंदापूर हे तालुकेही त्यांतून सुटले नाहीत. लोक रात्री जागून पहारे देऊ लागले. येथे भय पसरविणारे माध्यमही दूरध्वनीच होते, परंतु पुढे ढकललेल्या संदेशास धनी नव्हता. अशा निर्धनी वार्तेची परिणती कोठवर जाऊ शकते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने पाच भिक्षेकरी भटक्यांना ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते आणि इंदापूरहून फारसे दूर नसलेल्या मंगळवेढा भागातून गेलेले होते. तात्पर्य, वेग हा स्वतः गुण नव्हे. हाकेचा वेग वाढविताना हाकेची सत्यता पडताळण्याचे काम पोलीस पाटलाकडून काढून घेतले, तर बळी जातो तो पुन्हा परका व भटकाच.

४

आता ओळखीच्या साधनांकडे वळू. महाराष्ट्रातील पोलीस ठाणी २०१५ साली गुन्हे व गुन्हेगार माहिती जाळ्याने जोडली गेली. भिगवणला नोंदलेले नाव क्षणात दुसऱ्या जिल्ह्यात दिसू लागले. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांतील बुबुळांचे व जैविक नमुनेही घेण्याची मुभा दिली आणि या नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटला, तर सर्व न्यायालयीन उपाय संपल्यावर त्याच्या नोंदी, न्यायालयाने अन्यथा सांगितले नसेल तर, नष्ट करावयाच्या आहेत. परंतु ज्यास पूर्वी एकदा लहानशी कैद झाली, त्यास हे संरक्षण नाही. ज्या समाजांना दारिद्र्यामुळे व पूर्वग्रहामुळे अशा किरकोळ शिक्षा वारंवार भोगाव्या लागल्या, त्यांच्या बाबतीत नोंदवही ही जुन्या हजेरीचीच नवी आवृत्ती होण्याचा संभव आहे.

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरून घेतल्या जाणाऱ्या माहितीची मर्यादाही या मुलखात विशेष जाणवते. शहरात मनोरे दाट असल्याने फोनचे स्थान बरेच नेमके कळते. विरळ वस्तीत एकाच मनोऱ्याच्या कक्षेत अनेक गावांची शिवारे येतात. अशा वेळी मनोरा मनुष्य ‘या भागात’ होता एवढेच सांगतो, ‘या घरात’ होता असे नव्हे. गळीत हंगामात त्याच कक्षेत शेकडो ऊसतोडकऱ्यांचे फोन असतात. घटनेच्या रात्रीचे अनोळखी क्रमांक चाळू लागले असता प्रथम डोळ्यांत भरतात ते नेमके हेच क्रमांक. यंत्राने खोटे सांगितले नाही; परंतु ‘अनोळखी’ म्हणजे ‘संशयित’ हे समीकरण वाचणाऱ्याने आपल्या मनातून आणून त्यात घातले.

२०२४ च्या ऑक्टोबरात बारामतीत घोषित झालेले ‘पंचशक्ती’ अभियान या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी योजिलेल्या त्याच्या पाच अंगांत तक्रारपेटी, मदतीचा दूरध्वनी क्रमांक, समुपदेशनाचा कक्ष आणि शाळा-महाविद्यालयांस भेटी यांच्याबरोबरच समाजमाध्यमांवर शस्त्रांची छायाचित्रे झळकविणाऱ्या तरुणांवर ‘नजर’ ठेवण्याचाही समावेश आहे. येथे सर्वांत जुने साधन, म्हणजे कुलूप लावलेली पेटी, आणि सर्वांत नवे साधन शेजारी शेजारी उभे आहेत. पेटीत तक्रार टाकणारी मुलगी स्वेच्छेने बोलते. नजरेखाली आलेला मुलगा न बोलता वाचला जातो. पहिल्यात विश्वास हे भांडवल आहे, दुसऱ्यात संशय. अभियानाचे यश ‘नजरे’त किती नावे आली यावर न मोजता पेटी उघडल्यानंतर पुढे काय झाले यावर मोजले गेले पाहिजे.

५

नव्या साधनांची सर्वांत आशादायक बाजू पुराव्याच्या क्षेत्रात आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक झाले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशीही तरतूद टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहे. आजवर पंचनाम्याची सारी भिस्त पंचांवर असे, आणि पंच फितूर झाले की खटला ढासळे. चित्रणामुळे खऱ्या पंचनाम्यास आधार मिळतो आणि रचलेल्या पंचनाम्यास अडथळा होतो. अर्थात् चित्रणही आपोआप पुरावा होत नाही. जालना येथील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विद्युत् नोंदींसाठी विहित प्रमाणपत्राची अनिवार्यता स्पष्ट केली. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ते प्रमाणपत्र अधिक काटेकोर केले आहे.

त्याच २०२० साली परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा व चित्रण शक्यतो १८ महिने जतन करण्याचा आदेश दिला. या आदेशाचे तात्त्विक महत्त्व असे की त्याने यंत्राचा डोळा ठाण्याच्या आत वळविला. १९९८ च्या त्या जूनमध्ये असा डोळा नव्हता. जे घडले त्याची साक्ष देण्यास पोलीस आणि मृताचे आप्त एवढेच उरले.

६

यावरून साधनांच्या परीक्षेचा एक निकष हाती येतो. जे साधन पोलिसांस लोकांविषयी सांगते तेच लोकांसही पोलिसांविषयी काही सांगते काय? ग्राम सुरक्षा यंत्रणेत हाक देणारा ओळखीचा असतो. झडतीच्या चित्रणात पोलीस व आरोपी दोघेही दिसतात. ठाण्यातील कॅमेऱ्यात कोठडी दिसते. ही दुहेरी साधने होत. नोंदींची जाळी, मनोऱ्यांच्या याद्या व समाजमाध्यमांवरील नजर ही मात्र एकेरी साधने आहेत, आणि म्हणूनच त्यांवर बाहेरचा अंकुश अधिक हवा. एकेरी साधने निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. वस्तीवरच्या लुटल्या गेलेल्या कुटुंबासही न्यायाचा तितकाच हक्क आहे, आणि अपुऱ्या मनुष्यबळाच्या ठाण्यास या साधनांवाचून गत्यंतर नाही.

बारामतीच्या शिवारात आज उसाच्या वाढीचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बांधण्याचे प्रयोग चालू आहेत. तेथे अंदाज चुकला तर एका हंगामाचे पीक हातचे जाते. पोलीसकार्यात अंदाज चुकला तर एका माणसाच्या नावावर ७५ वर्षांची नोंद राहते. शेतकरी यंत्राचा सल्ला घेऊनही बांधावर जाऊन पीक पाहतो. तपासी अंमलदारानेही पडद्यावरील नावापाशी न थांबता त्या कोपीपर्यंत जाऊन, त्या माणसास प्रथम माणूस म्हणून विचारले पाहिजे.