तलवार युरोपची, तिजोरी कोणाची?

राज्ये लढाया करतात हे आपण शाळेतच शिकतो. लढायाच राज्ये घडवतात, हे चार्ल्स टिली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने साधार मांडले. त्याचा १९९० सालचा ग्रंथ युरोपीय राज्यांच्या हजार वर्षांच्या घडणीचा आहे. दंडशक्ती आणि भांडवल या दोन धाग्यांनी त्याने सारा पट विणला आहे. राजाला लढाईसाठी पैसा हवा, पैशासाठी कर हवेत, करांसाठी कारकून आणि खजिनदार हवेत; आणि लढाई संपली तरी ही मंडळी काही घरी जात नाहीत! रशियाने दंडशक्तीवर भर दिला, डचांनी थैलीवर. इंग्लंड-फ्रान्सने दोहोंची सांगड घातली आणि त्यांची सरशी झाली. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांना या मांडणीची भुरळ पडली, यात नवल नाही.

परंतु थैली भरली कोठून? टिलीला वसाहती ठाऊक नव्हत्या असे नव्हे. त्या त्याच्या पटाच्या काठावर राहतात, एवढेच. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. तेव्हापासून बंगालच्या रयतेने भरलेल्या सारा-वसुलीतूनच कंपनी तिथला माल विकत घेऊ लागली आणि तो विलायतेस धाडू लागली. खर्च लिहावा आणि जमेचे पान कोरे ठेवावे, असा हा हिशेब आहे.

आपल्या जालना जिल्ह्यातील असईचेच पाहा. महादजी शिंद्यांनी द बॉयन्याकडून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिला. लढाई, वसूल, फौज ही टिलीचीच साखळी नव्हे काय? २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने असईला ती तोडली. त्याच्या सैन्यात बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन भोसले व शिंदे यांचे मुलूख गेले. म्हणजे इकडे राज्य घडतच नव्हते असे नाही. ते घडता घडता दुसऱ्याने मोडले, आणि मोडणाऱ्याचे राज्य त्यातून बळावले. ही एकच गोष्ट आहे. ग्रंथालयात मात्र तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या कपाटांत असतात.

जॉन हॉब्सन या इंग्रज अभ्यासकाने २००४ मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीची पौर्वात्य मुळे शोधणारा ग्रंथ लिहून या दृष्टीवर कडाडून हल्ला चढवला. त्याचे ऋण मोठे आहे. तथापि कोणता शोध प्रथम चीनचा, कोणता अरबांचा, याच्या याद्या वाचताना माझे मन थोडे विटते. शर्यत तीच राहते, पहिला नंबर तेवढा बदलतो. असईचा प्रश्न कोण आधी पोहोचला हा नाही. कोणाच्या खर्चाने कोण पोहोचला, हा आहे.

टिलीच्या शेवटच्या प्रकरणात एक मार्मिक निरीक्षण आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या पुष्कळ देशांना शस्त्रे आणि फौजेची घडी बाहेरून आयती मिळाली. राज्यकर्त्यांना प्रजेशी घासाघीस करावी लागली नाही, म्हणून तिथे सेनापती शिरजोर झाले, असे तो म्हणतो. बाहेरून काय आले, हे तिसऱ्या जगाला विचारणाऱ्या या साक्षेपी पंडिताने तोच प्रश्न इंग्लंडच्या प्रकरणात तितक्याच जोराने विचारायला हवा होता.