सांधा झाकणारं सॉफ्टवेअर आणि सांधा मिरवणारा काठ

(भद्रावती येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

मला दिलेला प्रश्न असा: अखंड पुनरावृत्तीची नक्षी, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘सीमलेस पॅटर्न’ म्हणतो, ती करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? उत्तर देईन. पण आधी आपल्याच भागातला एक काठ बघू, कारण माझं भांडण तिथून सुरू होतं.

नागभीडची, आरमोरीची कोशाची करवतकाठी साडी तुम्ही पाहिलेली आहे. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ. हे दाते कापडावर नंतर काढलेले नसतात. अंगाचा एक धोटा, दोन्ही काठांचे दोन, असे तीन धोटे चालतात. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा एकमेकांत अडकतात, आणि ती अडकण्याची जागा पुढेमागे सरकवली की दाता तयार होतो. म्हणजे बघा, जिथे दोन रंग जोडले गेले तो सांधाच इथे नक्षी झाला. आणि आपलं सॉफ्टवेअर काय म्हणतं? सांधा दिसता कामा नये. ‘सीमलेस’ या शब्दातच ते आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण दुसरंच खरं असं समजून आपण शिकतो, आणि मग सगळ्यांची फुलंपानं सारखीच दिसायला लागतात.

आता साधनं. अडोबी इलस्ट्रेटरमध्ये 2012 च्या सीएस6 पासून पॅटर्नची वेगळी सोय आली. सरळ जाळी, विटांची रचना आडवी किंवा उभी, षटकोनी. तुम्ही टाइलमध्ये एक पान हलवलं की आजूबाजूच्या सगळ्या टाइलांत ते हललेलं दिसतं. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. पण भाडं दर महिन्याला. ज्या बाईला महिन्यात दोन नक्ष्यांचं काम मिळतं, तिने बारा महिने भाडं का भरावं? मला तरी हे पटत नाही.

क्रिता फुकट आहे. त्यात ‘डब्ल्यू’ दाबलं की कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो. उजवीकडून बाहेर गेलेला ब्रश डावीकडून आत येतो. हाताने रंगवणाऱ्याला याच्याइतका आनंद दुसरीकडे नाही. फक्त ती पुनरावृत्ती सरळ जाळीची. अर्धी खाली उतरणारी रचना, हाफ-ड्रॉप, हवी असेल तर दुप्पट रुंदीची टाइल घ्या आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच नक्षी उंचीच्या निम्म्याने सरकवा. एकदा जमलं की जमलं.

इंकस्केपही फुकट, आणि माझं मत विचाराल तर नक्षीचं व्याकरण शिकायला तेच. सपाट पृष्ठावर नक्षी पुन्हापुन्हा मांडायचे प्रकार मोजून 17. फेदोरोव्हने हे 1891 मध्ये सिद्ध केलं. इंकस्केपच्या ‘टाइल्ड क्लोन्स’मध्ये ते सतराच्या सतरा आहेत. खिडकी मात्र इतकी रुक्ष, की पहिल्यांदा उघडणारा माणूस घाबरून बंद करतो. [हशा] नका करू. एक दाता काढा आणि सतराही करून बघा.

कोरलड्रॉ राहिलं. आपल्याकडे फ्लेक्सच्या दुकानात ‘सीडीआर आणा’ म्हणतात, म्हणून लोक ते घेतात. छापणाऱ्याची सवय हे कारण मी खोटं मानत नाही. पण ते दुकानाचं कारण झालं, नक्षीचं नाही.

आता माझी फजिती सांगतो. 25 सेंटिमीटरची टाइल केली, 150 डीपीआयवर बाहेर काढली. बारा मीटर कापड छापून आलं, आणि दर 25 सेंटिमीटरला केसासारखी पांढरी रेघ! अठ्ठेचाळीस टाइला, प्रत्येकीच्या कडेला रेघ. आधी मी छापणाऱ्यावर चिडलो. मग हिशोब केला. 25 सेंटिमीटर म्हणजे 1476.38 पिक्सेल. तो वरचा पाव-अर्धा पिक्सेल रंग आणि पांढरं यांच्यात अर्धवट राहिला. चूक माझीच. टाइल सरळ 1500 पिक्सेलची केली असती, 10 इंच, तर रेघ आलीच नसती. आणि हे कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने मला सांगितलं नाही. टाइल पूर्ण पिक्सेलात मोजा, हाफ-ड्रॉप असेल तर उंची सम संख्येत ठेवा.

भद्रावतीत बोलतोय तर मातीच्या भांड्याबद्दल न बोलून कसं चालेल? ग्रामोदय संघामुळे गाव त्यासाठी ओळखलं जातं. भांड्याच्या कडेची पट्टी फिरून स्वतःलाच येऊन मिळते. व्यास 14 सेंटिमीटर, तर घेर साधारण 44. तुमची बुट्टी 5 सेंटिमीटरची असेल तर आठ बसतात आणि 4 सेंटिमीटर उघडं राहतं. इलस्ट्रेटरचा पॅटर्न ब्रश अशा वेळी तीन पर्याय देतो: बुट्टी ताण, मध्ये जागा सोड, किंवा रेषाच थोडी सरकव. तिसरा पर्याय बघा, नक्षी बसावी म्हणून भांडंच बदलायचं! पडद्यावर चालतं. भाजलेल्या मातीवर नाही चालत.

हाताने रंगवणारा कडेचे आधी चार भाग करतो, मग आठ, आणि मग बुट्टी साडेपाचची काढतो. भाग आधी, बुट्टी नंतर. इंकस्केपमध्येही हेच करा: 360 ला आठने भागा, 45 अंश, आणि एक बुट्टी केंद्राभोवती आठ वेळा फिरवा. साधा कागद लागेल तो पट्टीसाठी, भांड्याभोवती गुंडाळून टोकं जुळतात का बघायला. छापायला पाठवण्याआधी कापडाचंही तसंच: टाइलच्या दोन प्रती घरच्या प्रिंटरवर काढा, कडेला कडा लावून खिडकीच्या काचेवर धरा आणि उजेडात बघा.