चाकरमानी मुष्टियोद्धा : डिक टायगरच्या कारकिर्दीचे एक वाचन

१

परदेशी जाऊन मुष्टियुद्धावर पोट भरणाऱ्या खेळाडूची कथा इंग्रजी वाङ्मयात व चित्रपटांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिला आता एका ठरीव साच्याचे रूप आले आहे. दरिद्री घरातील एक धट्टाकट्टा मुलगा समुद्र ओलांडून परक्या महानगरात येतो. कोणी धूर्त व्यवस्थापक त्याला हेरतो. अजिंक्यपद, पैसा आणि कीर्ती ही क्रमाने येतात. आणि मग पराभव, विपन्नावस्था व विस्मृती ह्याही तितक्याच क्रमाने येतात. ह्या साच्यात करुणरसाला भरपूर वाव आहे, म्हणून तो लोकप्रिय झाला. परंतु त्याचा एक दोष असा की, अपयशाचे कारण तो दोनच ठिकाणी शोधतो : नायकाच्या स्वभावात किंवा नियतीच्या खेळात. करार कोणी लिहिला, निकाल कोणी दिला, मिळकत कोठे गेली आणि मुळात ती कोणासाठी होती, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरतात.

नायजेरियाचा जगज्जेता मुष्टियोद्धा डिक टायगर (१९२९–१९७१) ह्याची कारकीर्द ह्या साच्यात बसविण्याचा मोह होण्याजोगी आहे. किंबहुना तिचा शेवट वाचला की साचा सिद्ध झाला असेच वाटते. तथापि तो ज्या ठिकाणी पोहोचला तेथून नव्हे, तर ज्या ठिकाणाहून निघाला तेथून ती कारकीर्द पाहिली, तर तिच्यातील यशापयशाचा अर्थ पालटतो. असे पाहण्यासाठी लागणारा शब्द मराठीत तयार आहे. तो शब्द ‘चाकरमानी’ होय. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या परिसरातील वाचकाला त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. पण त्याचे शास्त्रीय मोल मात्र तपासून घ्यावे लागेल.

२

उपर्युक्त साच्याचा सर्वांत समर्थ वाङ्मयीन आविष्कार म्हणजे बड शुल्बर्ग ह्यांची १९४७ साली प्रसिद्ध झालेली ‘द हार्डर दे फॉल’ ही कादंबरी. तिचा नायक तोरो मोलिना हा अर्जेंटिनातील खेड्यातून आणलेला महाकाय, भोळा मनुष्य. त्याच्या लढती आधीच ठरविलेल्या असतात आणि हे त्याला एकट्यालाच ठाऊक नसते. इटलीतून अमेरिकेत गेलेला व १९३३ साली हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवून पुढच्याच वर्षी ते गमावणारा प्रीमो कार्नेरा हा ह्या पात्रामागील मूळ पुरुष असल्याचे सर्वमान्य आहे.

व्यवसायातील लबाडीचे इतके निर्भीड चित्रण त्यापूर्वी क्वचितच झाले होते, हे शुल्बर्ग ह्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु कादंबरीचा निवेदक कोण आहे, हे पाहिले पाहिजे. तो आहे एडी लुईस, म्हणजे तोरोची खोटी कीर्ती वर्तमानपत्रांतून पसरविणारा प्रसिद्धिप्रमुख. त्यामुळे कादंबरीत घडणारी नैतिक शोकांतिका ही वस्तुतः ह्या निवेदकाची आहे. तोरो हा तिचे निमित्त होतो. तोरोचे गाव कथेत आहे, पण गावाकडून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. हिशेबाअंती त्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, ह्याची चीड वाचकाला येते. परंतु ते पैसे गावी पोहोचले असते तर तेथे काय झाले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहत नाही. सहानुभूती आहे, पण ती यजमानाची आहे.

३

आता प्रत्यक्ष चरित्राकडे वळावे. डिक टायगर हे रिंगणातील नाव. त्याचे मूळ नाव रिचर्ड इहेतू. पूर्व नायजेरियातील अमाइग्बो येथे एका इग्बो कुटुंबात १९२९ साली त्याचा जन्म झाला. तारुण्यात आबा ह्या शहरात किरकोळ व्यापार करीत असताना तो मुष्टियुद्धाकडे वळला आणि १९५५ च्या अखेरीस लिव्हरपूलला गेला. ते बंदर पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचे ठाणेच बनले होते. त्याचाच देशबांधव होगन बॅसी हा तेथेच राहून घडला व १९५७ साली फेदरवेट गटाचा जगज्जेता झाला.

टायगरची सुरुवात मात्र निराशाजनक झाली. ब्रिटनमधील पहिल्या चारही लढती तो हरला. साच्याप्रमाणे येथे ‘जिद्दी’चे प्रकरण सुरू व्हावयाचे. परंतु ज्या बाजारपेठेत तो उतरला होता तिचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. वसाहतींतून आलेल्या नवख्या मुष्टियोद्ध्याला बहुधा स्थानिक होतकरू खेळाडूचा प्रतिस्पर्धी म्हणून, म्हणजेच त्याच्या विजयाची सामग्री म्हणून, बोलावले जाई. ज्यांचे आईबाप दोघेही गोरे नाहीत त्यांना ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढण्याची मनाई होती आणि ही मनाई १९४८ सालापर्यंत टिकून होती. टायगर आला तो नियम उठून अवघी सात वर्षे झाली असताना.

१९५८ साली त्याने पॅट मॅकॅटीरला हरवून ब्रिटिश साम्राज्याचे मिडलवेट अजिंक्यपद मिळविले आणि १९५९ साली तो अमेरिकेत गेला. २३ ऑक्टोबर १९६२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जीन फुलमरचा पराभव करून तो जगज्जेता झाला. पुढील वर्षी लास व्हेगास येथील लढत बरोबरीत सुटली आणि १० ऑगस्ट १९६३ रोजी नायजेरियातील इबादान येथे त्याने फुलमरला निर्णायकपणे हरविले. कृष्णवर्णीय आफ्रिकेच्या भूमीवर झालेली ही पहिली जागतिक अजिंक्यपदाची लढत होय. त्याच डिसेंबरात अटलांटिक सिटी येथे जोई जिआर्डेलोने त्याच्याकडून अजिंक्यपद घेतले. ते परत मिळविण्याची संधी मिळण्यास त्याला जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याने ते परत घेतले. १९६६ च्या एप्रिलमध्ये एमिल ग्रिफिथकडून ते पुन्हा गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वरच्या, म्हणजे लाइट हेवीवेट गटात होसे तोरेसला हरवून तो दुसऱ्या वजनगटाचा जगज्जेता झाला. ग्रिफिथ व्हर्जिन बेटांवरून आलेला, तोरेस पोर्तो रिकोहून. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील ह्या दोन्ही लढती स्थलांतरितांनी स्थलांतरितांशी केलेल्या होत्या, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

४

टायगरच्या कारकिर्दीतील बहुतेक पराभव हे पंचांच्या निर्णयाने झालेले आहेत. नॉक-आऊटने तो एकदाच हरला : २४ मे १९६८ रोजी, बॉब फॉस्टरकडून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. ग्रिफिथविरुद्धचा निर्णय तर रिंगणाशेजारी बसलेल्या अनेक क्रीडापत्रकारांनाही पटला नव्हता. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण हार-जितीविषयीची त्याची भाषा कुस्तीच्या आखाड्यात घडलेली आहे. ‘चीतपट करणे’, ‘अस्मान दाखविणे’, ‘पाठीला माती लागणे’ ह्या वाक्प्रचारांत पराभव डोळ्यांना दिसतो. तो कोणी जाहीर करावा लागत नाही. मातीवरच्या निकाली कुस्तीत एक तर पाठ लागते, नाही तर जोड बरोबरीत सोडविली जाते. धंदेवाईक मुष्टियुद्धात पराभव पुष्कळदा घोषित व्हावा लागतो, आणि घोषणा करणारी संस्था ही त्या नगराची, त्या बाजाराची असते. मराठी वृत्तपत्रे मुष्टियुद्धाचे वर्णन कुस्तीच्या भाषेत करतात तेव्हा हा भेद नकळत पुसला जातो. ‘धूळ चारली’ असे म्हटले की निर्णय देणारे हात दिसेनासे होतात.

ह्याचा अर्थ टायगरवर प्रत्येक वेळी अन्याय झाला असा नव्हे. तसे म्हणणे म्हणजे एका साच्याऐवजी दुसरा साचा स्वीकारणे होईल. अर्थ इतकाच की, ‘६० विजय, १९ पराभव, ३ बरोबरी’ हा त्याचा कारकिर्दीचा तक्ता म्हणजे निखळ वस्तुस्थिती नसून तो एक लिहिला गेलेला मजकूर आहे, आणि मजकुराप्रमाणेच तो कोणी, कोठे व कोणासाठी लिहिला हे विचारून वाचला पाहिजे.

५

‘स्थलांतरित’ ह्या अर्थाचे इंग्रजीतील रूढ नाम येणाऱ्याकडे यजमानाच्या उंबरठ्यावरून पाहते. त्यात ‘आत येणे’ ही क्रिया गृहीत आहे. ‘चाकरमानी’ हा शब्द उलट दिशेने पाहतो. कोकणातील घरी राहिलेल्या माणसाने मुंबईला नोकरीस गेलेल्या आपल्या माणसाला दिलेले ते नाव आहे. त्यात गाव हे केंद्र आहे आणि शहर हे कमाईचे ठिकाण. चाकरमान्याचे यश शहरातील हुद्द्यावर मोजले जात नाही. गावी आलेली मनीऑर्डर, शाकारलेले किंवा नव्याने बांधलेले घर, गणपतीला झालेले येणे, ह्यांवर ते मोजले जाते. गिरणगावातून पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण, दिवा असा लोहमार्गाच्या कडेने सरकत गेलेला हा समाज आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहे, तरी गावाशी असलेले हे मोजमाप पुरते नाहीसे झालेले नाही.

‘चाकर’ ह्या घटकामुळे हा शब्द काहींना हीन वाटतो. २०२५ च्या गणेशोत्सवापूर्वी शासनव्यवहारात त्याऐवजी ‘कोकणवासी’ असा शब्द वापरावा, अशी भूमिका राज्य शासनाच्या पातळीवर पुढे आली. तीमागील आदराची भावना समजण्यासारखी आहे. परंतु अर्थदृष्ट्या हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ‘कोकणवासी’ एका स्थळाचे नाव सांगतो. ‘चाकरमानी’ दोन स्थळांमधला संबंध सांगतो. पहिला शब्द स्वीकारला तर मान मिळेल, पण तो संबंध सांगणारा शब्द हातचा जाईल.

हा शब्द टायगरला लावून पाहिला असता त्याच्या चरित्रातील कित्येक गोष्टी उलगडतात. त्याची काटकसर क्रीडावर्तुळात प्रसिद्ध होती. इतर विजेते उधळपट्टी करीत असताना तो मिळकत मायदेशी घरे-इमारतींत गुंतवीत होता. यजमानाच्या दृष्टीने हा स्वभावविशेष ठरतो; चाकरमान्याच्या दृष्टीने तो कारकिर्दीचा हेतूच होय. मग त्याच्या आयुष्यातील खरा आघात कोणता, ह्याचे उत्तरही बदलते. १६ मे १९६७ रोजी त्याने तोरेसला दुसऱ्यांदा हरवून अजिंक्यपद राखले. ३० मे रोजी त्याच्या इग्बो प्रदेशाने बियाफ्रा म्हणून स्वातंत्र्य घोषित केले आणि लवकरच युद्ध पेटले. क्रीडेतिहासाच्या तक्त्यात पहिली तारीख विजयाची आहे आणि दुसरीची नोंदच नाही. वस्तुतः त्याचे सर्वस्व हिरावले गेले ते दुसऱ्या तारखेनंतर. तो बियाफ्राच्या सैन्यात दाखल झाला. सैनिकांना व्यायामाचे शिक्षण देऊ लागला. ब्रिटनने नायजेरियाच्या केंद्र सरकारला केलेल्या साहाय्याच्या निषेधार्थ त्याने १९६९ साली आपले एम. बी. ई. हे ब्रिटिश मानचिन्ह परत पाठविले. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राचा पाडाव झाला आणि त्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा मोठा भाग नष्ट झाला.

जुलै १९७० मध्ये तो अखेरची लढत हरला आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात रखवालदार म्हणून नोकरीस लागला. साच्यातील कथा ह्या ठिकाणी डोळे पुसते : जगज्जेता आणि रखवालदार! परंतु ज्याने लिव्हरपूलमध्ये मजुरी करीत लढती केल्या त्याच्या लेखी नोकरी ही अधोगती नव्हती. शोकाचा विषय होता तो हा की, ज्या घरासाठी नोकरी करावयाची ते घरच उद्ध्वस्त झाले होते. यकृताचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर तो गावाकडे परतला आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी आबा येथे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, निधन पावला. न्यूयॉर्कच्या दृष्टीने हे निघून जाणे होते. आबाच्या दृष्टीने ते परत येणे होते.

६

ह्या साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. गिरणीतील चाकरमान्यामागे युनियन होती, भविष्यनिर्वाह निधी होता. त्याच्या गावी बोटीने जाता येत असे, आणि १९८२ च्या संपाने त्याचे शहरातील जीवन उद्ध्वस्त केले तेव्हाही कोकणातले गाव जागेवर होते. मुष्टियोद्धा आपले शरीर एकटा विकतो आणि ते भांडवल प्रत्येक लढतीत झिजते. टायगरच्या बाबतीत तर गावच युद्धात सापडले. तेव्हा ‘चाकरमानी’ हे त्याचे संपूर्ण वर्णन नव्हे. ते त्याच्याकडे पाहण्याचे स्थान आहे.

परंतु ह्या स्थानाचे महत्त्व एका दूरच्या मुष्टियोद्ध्यापुरते नाही. ज्या समाजाने आपल्या माणसासाठी गावाकडून पाहणारा शब्द घडविला, तोच समाज आज कल्याणच्या फलाटावर उतरणाऱ्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या उत्तरेकडील कामगाराला ‘परप्रांतीय’ म्हणतो, म्हणजे उंबरठ्यावरून पाहणारा शब्द वापरतो. त्या कामगाराच्या भोजपुरीत ‘बिदेसिया’ हा गावाकडून हाक मारणारा शब्द आहे. भिखारी ठाकूर ह्यांचे प्रसिद्ध नाटक त्याच नावाचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत हे कामगार मुंबई-नाशिक महामार्गाने पायी निघाले, तेव्हा येथल्या दृष्टीला ते निघून जाणारे लोक दिसले. कोणाच्या तरी घरी परत येत असलेले चाकरमानी दिसले नाहीत. शुल्बर्ग ह्यांच्या निवेदकाला तोरोविषयी जे दिसले नाही ते हेच. समीक्षेने निवेदकाचे स्थान तपासावयाचे असते ते कादंबरीपुरते नव्हे. रोजच्या नामांतही एक निवेदक दडलेला असतो, आणि तो कोणत्या बाजूला उभा आहे हे विचारण्याचे काम भाषाभ्यासकाचे आहे.